मराठी ओळ फुटू नये म्हणून इमेजमॅजिक सोर्सपासून बांधताना

आधी तुमची अडचण माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर तुमच्या लक्षात येईल. लालबाग-परळमधल्या गिरणी कामगारांच्या घरांतले जुने फोटो आणि गणेशोत्सव मंडळांच्या स्मरणिका तुम्ही तिघं मिळून स्कॅन करताय. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात मराठीत एक ओळ यायला हवी: कोण, कुठे, कधी. उबुंटू २२.०४ या लिनक्सबरोबर तयार मिळणारं इमेजमॅजिक, म्हणजे आज्ञा देऊन चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर, ती ओळ छापतं, पण अक्षरं फुटतात. म्हणून एका जुन्या मार्गदर्शिकेप्रमाणे तुम्ही सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवून कंपाइल केलं. इन्स्टॉल होईपर्यंत एकही एरर आली नाही. त्यानंतर मात्र प्रोग्राम ‘शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड) सापडत नाही’ म्हणून सुरूच होईना. ते कसंबसं जमवलं, तर काही टिफ फाइलींवर ‘जेपेग लायब्ररीची आवृत्ती चुकीची, ६२ आहे, ८० अपेक्षित होती’ असा संदेश येऊ लागला. आणि इतकं सगळं करून मराठी अक्षरं फुटलेली ती फुटलेलीच. तुम्ही विचारलंय की सगळं काढून पहिल्यापासून करावं का, की हा नादच सोडावा.

नाद सोडू नका. सगळं काढायचं मात्र आहे, आणि पुन्हा कंपाइल करायच्या आधी एक गोष्ट वाचायची आहे, जी पहिल्या वेळी डोळ्यांसमोरून सरकून गेली. मी गेली बावीस वर्षं मुंबईत प्रीप्रेस आणि स्कॅनिंगचं काम करतो. ‘कंपाइल फसलं’ म्हणून माझ्याकडे जी मशीन्स आली, त्यांतल्या बहुतेकांवर कंपायलरने चोख काम केलेलं होतं. चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली होती, मशीनवर काय काय आहे ते तपासणारी कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट चालते त्या दोन-तीन मिनिटांत.

पण आधी अक्षरांचं बोलू, कारण तुमची सुरुवात तिथून झाली. तुम्ही पाठवलेलीच ओळ घेतो: ‘गिरणी कामगारांचा मोर्चा, १९८२’. फाइलमध्ये ‘गि’ साठवताना आधी ग आणि मग पहिली वेलांटी असा क्रम असतो, म्हणजे आपण उच्चारतो तसा. छापताना वेलांटी ग च्या आधी यायला हवी. ‘मोर्चा’त र, मग हलन्ताची खूण, मग च, मग काना असा क्रम असतो. छापताना त्या र चा रफार होऊन तो ‘चा’च्या डोक्यावर जायला हवा. ही मांडामांड फॉन्ट एकटा करत नाही. फॉन्टमध्ये नियम लिहिलेले असतात, ते वाचून अमलात आणणारं कुणीतरी लागतं. खिळ्यांच्या छापखान्यात ते जुळारी करायचा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत काढलेल्या निर्णयसागर छापखान्याची देवनागरी आजही डोळ्यांत भरते, त्यात खिळे पाडणाऱ्याचं कसब होतं तितकंच केसमधून नेमका खिळा उचलून नेमक्या जागी बसवणाऱ्याचंही होतं. आज जुळाऱ्याचं हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते.

इमेजमॅजिक हार्फबझशी थेट बोलत नाही. मधे रक्म नावाची एक छोटी लायब्ररी आहे. अक्षरांची चित्रं पुरवणारी फ्रीटाइप, मांडणी करणारी हार्फबझ आणि उर्दूसारख्या उजवीकडून लिहायच्या लिप्यांसाठीची फ्रिबिडी यांना ती एकत्र आणते. अरबीत रक्म म्हणजे लिखाण किंवा आकडा. आपल्या ‘रक्कम’चं मूळ तेच, म्हणून मला हे नाव पहिल्यापासून लक्षात राहिलं. कंपाइल होताना रक्म सापडली नाही, तर इमेजमॅजिक थांबत नाही आणि तक्रारही करत नाही. ते साधा रस्ता धरतं: एकेक युनिकोड खूण उचलायची, फॉन्टमधून तिचं चित्र घ्यायचं, डावीकडून उजवीकडे ओळीत ठेवत जायचं. इंग्रजीसाठी तेवढं पुरतं. मराठीत मग ग च्या पुढे एकटी वेलांटी लोंबते, ‘मोर्चा’तला र पाय मोडून उभा राहतो आणि चा त्याच्या शेजारी बसतो. तुमच्या नमुन्याच्या चित्रात अगदी हेच दिसतंय. म्हणजे तयार पॅकेजमध्ये रक्म नव्हती, आणि तुम्ही स्वतः बांधलं त्यातही ती आलेली नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मराठी नीट उमटावी एवढ्यासाठी कंपाइल करणं हा एकमेव मार्ग नाही. तयार पॅकेजला आवृत्ती विचारली की शेवटी डेलिगेट्सची, म्हणजे ते ज्यांच्यावर विसंबतं त्या बाहेरच्या लायब्ररींची, एक ओळ येते. तिच्यात पॅंगोकैरो ही मजकूर मांडणारी लायब्ररी असेल, तर मजकुराआधी इंग्रजीत ‘पॅंगो’ आणि कोलन (:) लावून वेगळं अक्षरचित्र तयार करता येतं, आणि ते फोटोवर बसवता येतं. पॅंगो स्वतः हार्फबझ वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं बिनचूक येतात. शे-दोनशे चित्रं असती तर मी तुम्हाला हेच करा म्हटलं असतं. पण तुमची स्क्रिप्ट चित्रावर थेट मजकूर छापणारी ॲनोटेट ही आज्ञा वापरते, ओळीची जागा, मागची पट्टी, अक्षराची कड सगळं त्यात बसवलेलं आहे, आणि ॲनोटेट पॅंगोकडे जात नाही. शिवाय उबुंटू २२.०४ मध्ये सहावी मालिका आहे आणि पुढचं सगळं काम सातव्या मालिकेत चाललंय. तेव्हा तुमच्यासाठी सोर्सपासून बांधणंच योग्य आहे.

आता ती वाचायची गोष्ट. इमेजमॅजिकचा जन्म १९८७ साली ड्यूपाँटमध्ये जॉन क्रिस्टी यांच्या हातून झाला आणि १ ऑगस्ट १९९० रोजी ते सर्वांसाठी खुलं झालं. त्याची रचना पहिल्यापासून दुसऱ्यांच्या खांद्यावर उभं राहण्याची आहे. ते २०० हून अधिक प्रकारच्या फाइली वाचतं म्हणतात, पण जेपेग उघडते लिबजेपेग, टिफ उघडते लिबटिफ, रंगांचे प्रोफाइल सांभाळते एलसीएमएस, आणि पीडीएफसाठी तर घोस्टस्क्रिप्ट हा सबंध वेगळा प्रोग्राम बाहेरून चालवला जातो. यांना ते डेलिगेट म्हणतं. कॉन्फिगर चालतं तेव्हा ते मशीनवर हिंडून कोणकोण हजर आहे ते बघतं. जो सापडला नाही त्याला वगळून पुढे जातं, एरर देत नाही. तुम्ही जेपेग सपोर्टशिवायचं इमेजमॅजिकही बिनबोभाट कंपाइल करू शकता. पुढे फोटो उघडायला गेलात की मग ‘या प्रकारासाठी डिकोड डेलिगेट नाही’ असं ऐकायला मिळतं.

कुणाला वगळलं ते कॉन्फिगर लपवत नाही. शेकडो ओळी धावून गेल्यावर अगदी शेवटी ते एक टेबल छापतं. त्यात तीन कॉलम आहेत. डावीकडे डेलिगेटचं नाव. मधल्या कॉलममध्ये ‘विथ-रक्म, यस’ अशा स्वरूपात काय मागितलं होतं ते. उजवीकडे प्रत्यक्षात काय मिळालं ते, यस किंवा नो. मधल्या कॉलममध्ये बहुतेक सगळीकडे यस असतो, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर ते बहुतेक सगळंच मागतं. नजर तिथेच पडते आणि माणूस निर्धास्त होतो. वाचायचा तो उजवा कॉलम. तुमच्या सोर्सच्या डिरेक्टरीत कॉन्फिग डॉट लॉग नावाची फाइल अजून असेल. ती उघडून रक्म शोधा, ती सापडली नसल्याची नोंद तुम्हाला तिथे दिसेल.

ती का सापडली नाही याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. उबुंटू किंवा डेबियनवर एखादी लायब्ररी दोन पॅकेजांत विभागून येते. एकात ती चालवायला लागणारी फाइल असते. दुसरं, ज्याच्या नावाच्या शेवटी ‘डेव्ह’ असतं, त्यात कंपाइल करताना लागणाऱ्या हेडर फाइली आणि लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगसाठीची छोटी माहितीची फाइल असते. फेडोराच्या घराण्यात त्यालाच ‘डेव्हेल’ म्हणतात. तुमच्या मशीनवर हार्फबझ नक्कीच आहे, नाहीतर डेस्कटॉपवरही मराठी नीट दिसली नसती. पण डेव्ह पॅकेज नसेल तर कॉन्फिगरच्या दृष्टीने ती लायब्ररी अस्तित्वातच नाही. पीकेजी-कॉन्फिग हा प्रोग्रामच नसेल तर बऱ्याच ओळींत एकदम नो येतो. तेव्हा घाबरून प्रत्येक लायब्ररी वेगवेगळी उतरवायच्या मागे लागू नका.

तुमच्याकडून नेमकं तेच झालंय आणि जेपेगचं दुखणं त्यातून आलं. तुम्ही वापरलेली मार्गदर्शिका लिबजेपेगची ‘६बी’ आवृत्ती उतरवून हाताने बांधायला सांगते. ती आवृत्ती १९९८ ची आहे. त्या काळी तो सल्ला बरोबर होता, कारण अनेक सिस्टिमवर जेपेग लायब्ररी तयार मिळतच नसे. आज उबुंटूवर लिबजेपेग-टर्बो आधीपासून असते आणि तिने स्वतःची ओळख ८० अशी ठेवलेली आहे. तुम्ही बांधलेली ६बी स्वतःला ६२ म्हणवते. इमेजमॅजिक तुमच्या ६२ ला जोडलं गेलं. पण उबुंटूची तयार लिबटिफ ८० ला जोडलेली आहे. जेपेग पद्धतीने दाबलेली टिफ उघडली की एकाच प्रोग्रामच्या पोटात दोन्ही येतात. दोघींमधल्या फंक्शनची नावं तीच. लिबटिफ ८० समजून हाक मारते आणि ओ देते ६२. साधी टिफ चालते आणि काहीच टिफ अडकतात, त्याचं कारण हेच. स्वतः बघायचं असेल तर मॅजिक या इमेजमॅजिकच्या मुख्य प्रोग्रामच्या फाइलवर एलडीडी (लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी आज्ञा) चालवा आणि आलेल्या यादीत जेपेग शोधा. एकाच्या जागी दोन ओळी दिसतील, एक सो डॉट ६२ ची, दुसरी सो डॉट ८ ची. हा संदेश वाचून लोक लायब्ररी आणखी एकदा बांधतात आणि तिढा वाढवतात. ती काढणं हा उपाय आहे.

तेव्हा सफाई अशी करा. इमेजमॅजिकच्या जुन्या सोर्स डिरेक्टरीत जाऊन मेक अनइन्स्टॉल चालवा, ते आपल्या फाइली नीट गोळा करून नेतं. इतक्या जुन्या लिबजेपेगकडून तशी अपेक्षा ठेवू नका, तिच्या फाइली हाताने काढाव्या लागतील. यूएसआर-लोकलच्या लिब डिरेक्टरीतल्या लिबजेपेगने सुरू होणाऱ्या फाइली, आणि इन्क्लूडमधल्या जेपेगलिब, जेकॉन्फिग, जेमोअरसीएफजी, जेएरर या चार हेडर फाइली. फक्त यूएसआर-लोकलच्या आतल्याच काढा. याच नावांच्या फाइली यूएसआरमध्येही आहेत, त्या सिस्टिमच्या आहेत आणि त्यांच्यावर डेस्कटॉपचे निम्मे प्रोग्राम उभे आहेत. काढून झालं की रूट म्हणून एलडीकॉन्फिग, म्हणजे लायब्ररींची सूची ताजी करणारी आज्ञा, एकदा चालवा.

या सूचनेमागे माझा स्वतःचा एक वाईट अनुभव आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी इमेजमॅजिक बांधताना प्रीफिक्स (इन्स्टॉल करायची जागा) थेट यूएसआर दिला होता, म्हणजे सिस्टिमच्या पॅकेजच्या अंगावर माझं चढवलं. महिनाभर ठीक चाललं. मग नेहमीचा अपडेट आला आणि पॅकेज मॅनेजरने आपल्या फाइली परत बसवल्या, पण ज्या त्याच्या यादीत नव्हत्या त्या माझ्या तशाच राहिल्या. अर्धं त्याचं, अर्धं माझं. तो दिवाळी अंकांचा हंगाम होता, एका अंकाच्या मुखपृष्ठाच्या सेपरेशन फाइली त्याच मशीनवर होत्या, आणि संपादक प्रभादेवीच्या आमच्या ऑफिसात रात्री साडेअकरापर्यंत बसून होते. मशीन पुसून नव्याने उभं करेपर्यंत पहाट झाली. ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून माझ्याकडे प्रत्येक बांधलेल्या सॉफ्टवेअरला ऑप्टमध्ये स्वतःची डिरेक्टरी असते, नावात आवृत्तीसकट. नको झालं की ती एक डिरेक्टरी काढली, संपलं. तुम्हीही प्रीफिक्स तसाच द्या.

आता नव्याने बांधायचं. बिल्ड-इसेन्शियल आणि पीकेजी-कॉन्फिग असल्याची खात्री करा. मग तुमच्या कामाला खरंच लागणारी डेव्ह पॅकेजं आप्ट या पॅकेज मॅनेजरने घ्या: जेपेग, टिफ, पीएनजी, वेबपी, फ्रीटाइप, फॉन्टकॉन्फिग, एलसीएमएस २, एक्सएमएल २ आणि रक्म. रक्मबरोबर हार्फबझ आणि फ्रिबिडी ओघाने येतात. घरच्या मंडळींनी आयफोनवर काढलेले फोटो येणार असतील तर एचईआयएफही. एलसीएमएस विसरू नका. तुमचा स्कॅनर ॲडोबी आरजीबी प्रोफाइल लावतो असं तुम्ही लिहिलंय, आणि एलसीएमएस नसेल तर वेबसाठीच्या एसआरजीबीत रूपांतर होणार नाही. जुन्या फोटोंतला तो तपकिरी रंग वेबवर फिका आणि मळकट दिसेल.

सोर्स अधिकृत ठिकाणावरूनच घ्या, नव्या डिरेक्टरीत उघडा. जुन्याच डिरेक्टरीत पुन्हा कॉन्फिगर करू नका, आधी बनलेल्या ऑब्जेक्ट फाइली उगाच गोंधळ घालतात. सगळं साध्या युजर म्हणून करायचं, रूटचे अधिकार फक्त इन्स्टॉलच्या पायरीला.

कॉन्फिगरला प्रीफिक्सखेरीज एकाच गोष्टीचा निर्णय द्यायचा आहे: क्वांटम डेप्थ (एका रंगाच्या किमतीला किती बिट) आणि एचडीआरआय (त्या किमती दशांशात ठेवण्याची सोय). सातव्या मालिकेत काही सांगितलं नाही तर १६ बिट आणि एचडीआरआय चालू असं मिळतं. एचडीआरआय चालू असताना प्रत्येक पिक्सेलचा प्रत्येक रंग दशांश संख्या म्हणून ४ बाइटमध्ये ठेवला जातो, बंद केला तर १६ बिटला २ बाइट. तुमची स्मरणिकेची सर्वांत मोठी पानं ए३ आहेत, ६०० डीपीआयला. म्हणजे ७०१६ गुणिले ९९२१, सुमारे ६.९६ कोटी पिक्सेल. तीन रंग धरले तर एचडीआरआयसह एका पानाला साधारण ८३.५ कोटी बाइट, त्याशिवाय निम्मे. आणि आकार लहान करण्यासारख्या कामात मूळ आणि नवं अशी दोन चित्रं एकाच वेळी मेमरीत असतात. तुमच्या मशीनवर ८ जीबी रॅम आहे. तुम्ही चार पानं एकदम चालवता म्हणता, म्हणजे एचडीआरआय चालू ठेवला तर गाडी डिस्कवर जाईल आणि रांगेल. फोटो लहान करणं, प्रोफाइल बदलणं, ओळ छापणं या कामांना एचडीआरआय लागत नाही. गणिती प्रक्रियांची लांब साखळी असेल, मधल्या टप्प्यावर पांढऱ्याच्या वर किंवा काळ्याच्या खाली जाणाऱ्या किमती जपायच्या असतील, तिथे तो हवा. तुम्ही बंद करा, १६ बिट ठेवा. लॅमिंग्टन रोडवर जाऊन रॅम वाढवणं हा पुढचा उपाय, आधी हा बिनपैशाचा करून बघा. मात्र लक्षात घ्या, लायब्ररीच्या फाइलच्या नावातच क्यू१६ किंवा क्यू१६एचडीआरआय येतं. पुढे पीएचपी किंवा दुसरं काही याला जोडणार असाल तर तेही याच बांधणीवर बांधावं लागेल.

कॉन्फिगर संपलं की थांबा. टेबल फाइलमध्ये उतरवून घ्या. उजव्या कॉलममध्ये वरच्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे यस आहे का, बोट ठेवून बघा. एकालाही नो असेल तर मेक, म्हणजे प्रत्यक्ष कंपाइल, करू नका. डेव्ह पॅकेज घ्या, पुन्हा कॉन्फिगर करा. डीजेव्हीयू, ओपनईएक्सआर, डब्ल्यूएमएफ अशांपुढे नो असेल तर असू दे. तुम्हाला लागत नाही ते जोडू नये, जितके डेलिगेट कमी तितकी पुढची डोकेदुखी कमी.

मेक स्वतः काही मिनिटांचं काम आहे. जितके कोअर तितकी समांतर कामं सांगा, त्याहून जास्त नको. मग मेक चेक. एखाद-दुसरी चाचणी पडली तर तिचा लॉग वाचा, बऱ्याचदा एखादा फॉन्ट किंवा घोस्टस्क्रिप्ट नसतं. डझनभर पडल्या तर इन्स्टॉलकडे जाऊच नका.

इन्स्टॉलनंतर तुमची पहिली अडचण, शेअर्ड लायब्ररी न सापडण्याची. लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणारा लोडर प्रत्येक वेळी डिस्क धुंडाळत नाही, तो आधी करून ठेवलेली एक सूची बघतो. नवी लायब्ररी आली हे त्या सूचीला कुणी कळवलं नाही तर फाइल समोर असून सापडत नाही. तुम्ही तेव्हा एलडी-लायब्ररी-पाथ हा एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल बदलून वेळ मारून नेलीत. तो काढून टाका. तो सगळ्याच प्रोग्रामना लागू होतो आणि भलत्याच प्रोग्रामला भलती लायब्ररी देऊन बसतो. त्याऐवजी ईटीसीमधल्या एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फ डॉट डी या डिरेक्टरीत एक नवी फाइल करा, तिच्यात तुमच्या ऑप्टमधल्या लिब डिरेक्टरीचा पत्ता एवढी एकच ओळ लिहा, आणि एलडीकॉन्फिग चालवा. उबुंटूच्या सहाव्या मालिकेच्या लायब्ररींची नावं वेगळी असल्यामुळे दोघांची टक्कर होत नाही.

पाथमध्ये मात्र ही बिन डिरेक्टरी सगळ्यात पुढे घालू नका. सातवी मालिका कन्व्हर्ट, आयडेंटिफाय ही जुनी नावंसुद्धा बसवते, आणि तुमच्या मशीनवरची दुसरी कुठली स्क्रिप्ट जुन्या कन्व्हर्टच्या भरवशावर असू शकते. फक्त मॅजिक या एका फाइलची सिमलिंक (मूळ फाइलकडे नेणारा दुवा) यूएसआर-लोकलच्या बिनमध्ये ठेवा आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये कन्व्हर्टच्या जागी मॅजिक लिहा. टर्मिनल आधीपासून उघडं असेल तर शेलला जुनी जागा आठवत असते, हॅश -आर करा किंवा नवं टर्मिनल उघडा.

आता अक्षरांची चाचणी. मॅजिकला आवृत्ती विचारा, डेलिगेट्सच्या ओळीत रक्म दिसायला हवी. मग एका यूटीएफ-८ फाइलमध्ये हे शब्द लिहा: गिरणी, मोर्चा, विठ्ठल, स्त्री, कीर्ती, श्रमिक, प्रभादेवी, दर्या, दऱ्या. शेवटचे दोन मी मुद्दाम घातलेत. वरळीच्या कोळ्यांचा दर्या म्हणजे समुद्र, त्यात य च्या डोक्यावर रफार येतो. सह्याद्रीतल्या दऱ्यांमध्ये य च्या आधी ती बारीक आडवी रेघ येते. युनिकोडमध्ये त्या दुसऱ्या र साठी खाली टिंब असलेला वेगळा ऱ आहे, आणि टाइप करणाऱ्याने साधा र वापरला असेल तर कुठलीही लायब्ररी तुम्हाला वाचवू शकत नाही. तुमच्या मजकुरात हा फरक कुणी सांभाळलाय का ते एकदा बघाच. वरळी कोळीवाड्याचे फोटो आहेत म्हणता, तिथे चूक लगेच बोचेल.

चाचणीसाठी मुक्त मिळणारा मुक्ता फॉन्ट घ्या. तो मुंबईच्याच एक टाइपने केलेला आहे आणि बारीक आकारातही वाचता येतो. श्रीलिपीसारख्या जुन्या एनकोडिंगमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये आणा, त्या फॉन्टमध्ये रक्मला वाचायला नियमच नसतात. आणि चाचणीचं चित्र शंभर टक्के आकाराला बघा. विठ्ठलातला ठ्ठ लहान केलेल्या चित्रात नेहमीच बरा दिसतो.

एक जबाबदारी उरते. उबुंटूचं पॅकेज तुम्हाला नकळत सुरक्षेचे अपडेट घेत असतं, तुम्ही बांधलेलं घेत नाही. मे २०१६ मध्ये इमेजट्रॅजिक या नावाने गाजलेली भेग अशी होती की चित्र म्हणून दिलेल्या फाइलमधून सर्व्हरवर आज्ञा चालवता येत. उबुंटूच्या पॅकेजमध्ये बंधनांची पॉलिसी फाइलही कडक असते: मेमरी २५६ एमबीच्या आसपास, डिस्क १ जीबी, पीडीएफला बंदी. मोठ्या पानांना पूर्वी ‘कॅश रिसोर्सेस एक्झॉस्टेड’ यायचं ते त्यामुळेच. सोर्सपासून बांधलेल्याची पॉलिसी, काही सांगितलं नाही तर, मोकळी असते. फक्त स्वतःचे स्कॅन चालवताय तोवर ती तशी चालेल. पण पुढे चाळीतल्या लोकांना घरबसल्या फोटो पाठवता यावेत म्हणून फॉर्म उघडायचा विचार तुम्ही लिहिलाय. त्या सर्व्हरसाठी वेगळं बांधा, कॉन्फिगरला सिक्युरिटी पॉलिसी म्हणून सिक्युअर किंवा वेबसेफ सांगा, आणि महिन्यातून एक दिवस ठरवून नवी आवृत्ती आली का ते बघा. सिक्युअरमध्ये फाइलीतून मजकूर उचलण्याची ‘ॲट’ (@) या खुणेची सोय बंद असते, तुमची स्क्रिप्ट तिथे अडेल. ओळी आतल्या मशीनवरच छापा.

हे सगळं झालं की टेबलची फाइल आणि चाचणीचं चित्र दोन्ही मला पाठवा. उजव्या कॉलममध्ये रक्मपुढे यस असूनही मोर्चातला र पाय मोडून उभा असेल, तर मग दोष फॉन्टमध्ये शोधावा लागेल. तेव्हा तुम्ही वापरलेली फॉन्टची फाइलही सोबत जोडा.